मृगाआधी पूर्ण करायची कामे: पटावरच्या खेळांची घरगुती साधने आणि आले-मधाचे फसफसते पेय

पुण्यात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे साधारण ७ जूनपर्यंत, घरी हातांनी काही बनवणाऱ्याला हवेची जी साथ मिळते ती वर्षात पुन्हा मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत चढते आणि हवा कोरडी असते. गोंद आणि रंग लवकर वाळतात, पुठ्ठा फुगत नाही, आणि विरजण म्हणून ठेवलेली कोणतीही गोष्ट हिवाळ्याच्या निम्म्या वेळात तयार होते. ढग जमू लागले की हे सगळे उलटते. त्यामुळे पटावरच्या खेळांसाठी फाशांचा मनोरा, तबक आणि खोक्यांतील कप्पे घरी करायचे असतील, आणि खेळायला जमणाऱ्या मंडळींसाठी मधाचे एखादे पेयही करायचे असेल, तर कामांचा क्रम आपल्या सवडीने न लावता हवा पाहून लावावा, असे माझे ठाम मत आहे. मोजमाप आणि कापणी एप्रिलमध्ये, चिकटकाम आणि रंगकाम मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पेय मेच्या उत्तरार्धात आणि साठवणीची तयारी मृगाआधी, असा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

साहित्य आणि गोंदाची निवड

कटर, कटिंग मॅट, माउंट बोर्ड आणि सनबोर्ड अप्पा बळवंत चौकातील स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. पोलादी पट्टी, गुण्या, पॉलिश पेपर आणि चिकटद्रव्ये बोहरी आळीत मिळतात. रेक्झिन, फेल्ट आणि टिचबटणे रविवार पेठेत शोधावीत. लाकडीच काम करायचे असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडचे उरलेले तुकडे मिळू शकतात, परंतु पहिल्या उन्हाळ्यात ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड घ्यावा असे मी आग्रहाने सुचवेन. तो कटरने कापता येतो, त्याला करवत लागत नाही आणि त्याचा प्लॅस्टिकचा प्रकार पावसाळ्यात दमट हवेने फुगत नाही.

चिकटद्रव्य निवडताना मात्र नीट विचार करावा, कारण सनबोर्ड या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक संपूर्ण प्लॅस्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा असतो आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये हलका, दाबला तर दबणारा फोम असतो. पीव्हीसीच्या बोर्डावर पांढरा फेविकॉल नीट धरत नाही, कारण तो वाळण्यासाठी त्यातले पाणी पृष्ठभागात मुरावे लागते आणि प्लॅस्टिकमध्ये ते मुरत नाही. त्यासाठी फेविबाँडसारखे रबरी चिकटद्रव्य किंवा फेविक्विक वापरावे. याउलट कागदी बोर्डाला फेविकॉलच योग्य ठरतो, कारण रबरी चिकटद्रव्यातील द्रावक आतला फोम विरघळवून टाकतात. विकत आणलेला बोर्ड कोणता हे ओळखता येत नसेल तर कोपऱ्याचा एक तुकडा कापून त्याच्या कापलेल्या कडेवर थेंबभर रबरी चिकटद्रव्य टाकावे आणि आतला भाग विरघळतो का ते अर्ध्या तासाने पाहावे. रबरी चिकटद्रव्याची वाफ पेट घेणारी असते, म्हणून ते काम खिडक्या उघड्या ठेवून आणि स्वयंपाकघरापासून दूर करावे.

कापताना एकाच दमात पाते आरपार घालण्याचा मोह टाळावा. पट्टी घट्ट धरून तीन-चार हलके हात फिरवले की कड सरळ येते. जोर लावला तर पाते तिरके जाते आणि जोडाच्या वेळी फट दिसते. पाते बोथट होताच त्याचे टोक मोडून टाकावे, आणि मोडलेले तुकडे एखाद्या जुन्या पत्र्याच्या डबीत जमा करावेत.

फाशांचा मनोरा

मनोऱ्याचे काम सोपे आहे. वरून टाकलेला फासा आतल्या तिरक्या फळ्यांवर आपटत, वळत खाली यावा आणि पुढच्या तोंडातून बाहेर पडावा. त्यामुळे टाकणाऱ्याच्या हाताचा प्रभाव उरत नाही आणि फासे पटावरच्या सोंगट्या उधळत नाहीत. खरी अडचण असते ती फासा मध्येच अडकण्याची, आणि ती टाळण्याचा हिशेब आधीच करता येतो. सर्वसाधारण फाशाची बाजू १६ मिलिमीटर असते, पण कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत त्याची लांबी जवळजवळ २८ मिलिमीटर भरते. म्हणून आतली कोणतीही वाट ३२ मिलिमीटरपेक्षा अरुंद असता कामा नये.

पुढील मापे हा नियम पाळून काढली आहेत. एका ए-३ आकाराच्या ५ मिलिमीटर जाड बोर्डातून सगळे तुकडे निघतात. दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येकी ८० × २२० मिलिमीटर, मागची भिंत ७० × २२०, पुढची भिंत ७० × १५०, तळ ८० × ८०, दोन तिरक्या फळ्या प्रत्येकी ६९ × ५० आणि बाहेर पडण्याची घसरण ६९ × ९५. पुढची भिंत वरच्या कडेशी जुळवून लावायची असते, म्हणजे खाली ७० मिलिमीटर उंचीचे तोंड आपोआप उघडे राहते.

चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या आतल्या अंगावर पेन्सिलने फळ्यांच्या रेषा आखाव्यात. पहिली फळी मागच्या भिंतीपाशी, वरच्या कडेपासून ४० मिलिमीटरवर सुरू होते आणि ४५ अंशांत पुढे उतरते. दुसरी फळी पुढच्या भिंतीपाशी ९५ मिलिमीटरवर सुरू होऊन तेवढ्याच तिरकसपणे मागे उतरते. घसरण मागच्या भिंतीपाशी १५५ मिलिमीटरवर सुरू होऊन थेट पुढच्या तोंडाशी तळाला टेकते. पुढच्या आणि मागच्या भिंतींची जाडी प्रत्येकी ५ मिलिमीटर आहे हे लक्षात ठेवून आखणीच्या रेषा बाजूच्या भिंतीच्या कडांपासून ५ मिलिमीटर आत सुरू कराव्यात. डावी आणि उजवी भिंत एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. दोन्हींवर सारखीच आखणी केली तर जोडताना एका भिंतीवरच्या फळ्या उलट्या दिशेला उतरलेल्या आढळतात, आणि तोवर चिकटद्रव्य लागलेले असते. म्हणून दोन्ही तुकडे पुस्तकासारखे शेजारी उघडे ठेवून एकदमच आखावेत.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम मागची भिंत एका बाजूच्या भिंतीला गुण्या लावून काटकोनात चिकटवावी, मग पुढची भिंत, मग पहिली फळी, दुसरी फळी आणि घसरण. दुसरी बाजू अजून उघडी असतानाच मनोरा आडवा ठेवून आतल्या वाटांतून फासा हाताने सरकवून पाहावा. वीस बाजूंचा मोठा फासा तुमच्याकडे असेल तर तोही सरकवावा. कुठे अडत असेल तर फळीची कड २-३ मिलिमीटर कापून घेता येते. सर्व सुरळीत असल्याची खात्री झाल्यावरच दुसरी बाजू आणि तळ लावावा. फाशांचा आवाज कमी हवा असेल तर घसरणीवर पातळ फेल्ट लावावे. फळ्यांवर मात्र लावू नये, कारण फेल्टवर फासा उसळत नाही, नुसता घसरतो.

सारीपाट किंवा पच्चिशी कवड्यांनी खेळणाऱ्यांनी मनोऱ्याच्या भानगडीत पडू नये. कवडीचा आकार गोलसर आणि लांबट असल्यामुळे ती फळीवर उलटण्याऐवजी सरकते, आणि सरकत आलेल्या कवडीचे दान निष्पक्ष म्हणता येत नाही. कवड्या ओंजळीत खुळखुळवून तबकात टाकणेच योग्य.

फासा खरा आहे का, ते तपासणे

उत्तम मनोरा बांधून त्यात असमतोल फासा टाकण्यात काही अर्थ नाही, म्हणून ही तपासणी मी साधनांच्या कामाचाच भाग मानतो. पहिली तपासणी पाण्याची. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवले की पाणी इतके दाट होते की ॲक्रिलिकचे बहुतेक फासे त्यावर तरंगतात. तरंगणाऱ्या फाशाला बोटाने गिरकी द्यावी आणि तो स्थिरावल्यावर वर कोणती बाजू येते ते पाहावे. पुन्हा पुन्हा तीच बाजू वर येत असेल तर समोरची बाजू जड आहे. काही फासे अधिक जड प्लॅस्टिकचे असल्याने बुडतात, पण त्यावरून त्यांच्यात दोष आहे असे ठरत नाही.

दुसरी तपासणी अधिक विश्वासार्ह आहे, फक्त तिला चिकाटी लागते. फासा १२० वेळा टाकावा आणि प्रत्येक आकडा किती वेळा पडला ते लिहावे. प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा पडणे अपेक्षित आहे. प्रत्यक्ष संख्या आणि २० यांतील फरकाचा वर्ग काढावा, सहाही वर्गांची बेरीज करावी आणि तिला २०ने भागावे. समजा, आकडे १५, २४, १८, २२, १७ आणि २४ वेळा पडले. फरकांचे वर्ग २५, १६, ४, ४, ९ आणि १६, बेरीज ७४, आणि भागाकार ३.७. हा भागाकार ११.०७ पेक्षा जास्त आला तरच फाशावर संशय घ्यावा, कारण निर्दोष फाशाच्या बाबतीत एवढा मोठा भागाकार शंभरात पाचच वेळा येतो. संशय आल्यास आणखी १२० वेळा टाकून पाहावे आणि दुसऱ्यांदाही तसेच घडले तर फासा बाजूला काढावा. सुट्टीतल्या मुलांना हे काम वाटून द्यावे. वर्ग आणि सरासरी यांचा उपयोग त्यांना आपोआप कळतो.

घडीचे तबक

२८ सेंटिमीटर बाजूचा रेक्झिनचा चौकोन आणि तेवढाच फेल्टचा चौकोन पाठीला पाठ लावून चिकटवावा आणि कडेने शिवून घ्यावा. प्रत्येक कोपऱ्यापाशी दोन्ही कडांवर, कोपऱ्यापासून ४ सेंटिमीटर अंतरावर आणि कडेपासून १ सेंटिमीटर आत, टिचबटणाचे दोन भाग लावावेत. बटणे जोडली की कोपरा चिमटला जाऊन सुमारे ४ सेंटिमीटर उंचीच्या भिंती उभ्या राहतात आणि मध्ये २० सेंटिमीटर बाजूचा तळ उरतो. बटणे सोडली की तबक सपाट होऊन खोक्यात मावते.

खोक्यातील कप्पे

विकत आणलेल्या खेळाच्या खोक्यात पत्ते, सोंगट्या आणि नाणी एकत्र पडलेली असली की मांडणीतच अर्धा तास जातो आणि पत्त्यांचे कोपरे दुमडतात. कप्पे करताना खोके आतून मोजावे, बाहेरून नव्हे, आणि प्रत्येक दिशेला एकूण २ मिलिमीटर सूट ठेवावी. उंचीत ३ मिलिमीटर सोडावेत, नाहीतर झाकण पूर्ण बसत नाही. प्रमाण आकाराचा पत्ता ६३ × ८८ मिलिमीटर असतो. उघड्या पत्त्यांसाठी ६६ × ९१ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या पत्त्यांसाठी ७० × ९५ मिलिमीटरचा कप्पा पुरतो. ज्या भिंतीतून पत्ते उचलायचे तिच्या मधोमध २५ मिलिमीटर रुंदीची खाच ठेवावी. सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मात्र चौकोनी कप्प्यांऐवजी उभी गोल नळी करावी. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते गोल असतात आणि चौकोनी कप्प्यात ते एकमेकांवर घासत फिरतात.

कप्पे खेळाच्या वस्तूंनुसार करू नयेत, खेळाच्या क्रमानुसार करावेत. मांडणीच्या वेळी जे आधी लागते ते वरच्या थरात आणि खेळाच्या अखेरीस लागणारे खालच्या थरात ठेवावे. एका खेळाडूचे सर्व साहित्य एकाच सुट्या ट्रेमध्ये राहिले तर तो ट्रे उचलून त्याच्यासमोर ठेवला की मांडणी संपते.

रंगकामाबद्दल थोडक्यात सांगतो. मेच्या दुपारी ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच काही मिनिटांत सुकतो. उथळ प्लॅस्टिकच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा कागद पसरला आणि त्यावर रंग घेतला तर तो तासन्‌तास ओला राहतो. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराचा, फवारा सकाळी ७ ते ९च्या दरम्यान, २०-२५ सेंटिमीटर अंतरावरून मारावा. तापलेल्या हवेत थेंब सोंगटीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

आले-मधाचे पेय

मधाचे नाव निघाले की हौशी मंडळींना मीडची आठवण होते. मीड म्हणजे मध आणि पाणी यीस्टने आंबवून केलेले मद्य. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि ते घरच्यापुरतेच केले होते, ही सबब त्यात चालत नाही. मीड चाखायची असेल तर परवाना घेऊन ती बनवणारी मूनशाइन मीडरी पुण्यातच आहे. घरी करायचे पेय वेगळे असावे: त्याच मधाचा स्वाद असलेले, पण आंबण्याची क्रिया वायू तयार होताच थांबवलेले.

हे थांबवणे का महत्त्वाचे आहे ते आकड्यांवरून समजते. एका लिटर पाण्यातील सुमारे १७ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की साधारण १ टक्का मद्यार्क तयार होतो. आपल्या पेयात लिटरला ७० ग्रॅम मध, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅम साखर असते. ती पूर्ण आंबू दिली तर मद्यार्क ३ टक्क्यांवर जाईल. सोड्याइतका फेस येण्यासाठी मात्र ८ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते, आणि तेवढ्याने मद्यार्क अर्ध्या टक्क्याच्या घरात राहतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्य गणले जाते, म्हणून बाटली टणक होताच ती फ्रीजमध्ये गेलीच पाहिजे.

मध ओळखीच्या ठिकाणाहून घ्यावा. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वर परिसरातील सातेरी मधमाश्यांचा मध शहरात सहज मिळतो. त्याच तालुक्यातील मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. या पेयासाठी मला जांभळाचा मध सर्वांत आवडतो, कारण त्याची किंचित कडवट छटा आल्याच्या तिखटपणाला तोलते.

प्रथम आल्याचे विरजण लावावे. २५० मिलिलिटर पाणी उकळून पूर्ण गार करावे, म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरिन निघून जाते. काचेच्या बरणीत ते घेऊन त्यात दोन चमचे बारीक चिरलेले आले आणि दोन चमचे साखर घालावी. आले धुवावे, पण सोलू नये, कारण यीस्ट सालीवर असते. साताऱ्याकडचे ताजे आले मिळाल्यास उत्तम. येथे मधाऐवजी साखरच घ्यावी, कारण मधाचा जंतुरोधक गुण कोवळ्या विरजणाची वाढ मंदावतो. बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधून ती सावलीत ठेवावी, दिवसातून दोनदा स्वच्छ चमच्याने ढवळावे आणि रोज एकेक चमचा आले व साखर घालावी. मेमध्ये तीन दिवसांत बुडबुडे येऊ लागतात आणि ताकासारखा सौम्य आंबूस वास येतो. वर काळी, गुलाबी किंवा केसाळ बुरशी दिसली तर ती काढून टाकून भागत नाही, सगळेच फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

विरजण तयार झाल्यावर ८०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम ठेचलेले आले १० मिनिटे उकळावे, गाळावे आणि पाणी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. गरम पाण्यात मध घातला तर त्याचा सुगंध उडून जातो. मग ७० ग्रॅम मध विरघळवावा, दोन लिंबांचा रस पिळावा, आणि पाणी पूर्ण गार झाल्यावर गाळलेले ६० मिलिलिटर विरजण मिसळावे. हे मिश्रण शीतपेयाच्या एक लिटरच्या स्वच्छ प्लॅस्टिक बाटलीत भरावे आणि वर ४ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. काचेची बाटली कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. आत वायूचा दाब किती वाढला हे काचेवरून कळत नाही आणि पुण्याच्या मेमध्ये ती फुटून गंभीर इजा होऊ शकते. प्लॅस्टिकची बाटली दाबून पाहता येते, हाच तिचा मोठा फायदा आहे.

बाटली बादलीत उभी करून सावलीत ठेवावी आणि आठ तासांनंतर दर दोन तासांनी दाबून पाहावी. खोलीचे तापमान ३२ ते ३४ अंश असेल तर १२ ते १८ तासांत ती नव्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक होते. त्याच क्षणी ती फ्रीजमध्ये ठेवावी, किमान सहा तास गार करावी आणि मोरीच्या सिंकवर धरून झाकण हळूहळू सोडत उघडावी. चिमूटभर सैंधव पेल्यात घालावे. थंडीत आंबणे मंदावते, पण थांबत नाही, म्हणून तीन दिवसांत पेय संपवावे.

मद्यार्काचा अंशही वर्ज्य असलेल्यांसाठी, गर्भवतींसाठी आणि मुलांसाठी वेगळा पर्याय आधीच तयार ठेवावा: आल्याचा काढा, मध आणि लिंबू यांचे दाट सरबत करून पेल्यात आयत्या वेळी सोडा ओतावा. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यातील बोट्युलिझमच्या बीजाणूंचा त्यांना धोका असतो.

खेळाचे टेबल आणि पावसाळ्याची तयारी

गार पेला आणि पत्ते एकाच टेबलावर ठेवू नयेत. मधाचा वाळलेला थेंब पत्त्याला चिकटला की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो आणि खेळाचा निष्पक्षपणा जातो. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताशी लहान स्टूल ठेवावे, किंवा उरलेल्या सनबोर्डाचे ९ सेंटिमीटर बाजूचे आणि १० सेंटिमीटर उंचीचे डबे करून त्यांत पेले ठेवावेत.

पत्ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालण्याचे काम मेअखेरीपर्यंत, कोरड्या दुपारी करावे. पिशवीत शिरलेली दमट हवा पुढे चार महिने तिथेच राहते. तयार मनोरा आणि कप्पे उन्हात गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवू नयेत, कारण पीव्हीसी तापून वाकते. प्रत्येक खोक्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि खोके भिंतीला न टेकवता कपाटाच्या मधल्या फळीवर आडवे रचावे. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते पुडीतून काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवावेत आणि रंग परत आल्यावर पुन्हा भरावेत.